बिऱ्हाड हलवताना : केरसुणी, कलश आणि टेम्पो

घर बदलण्याविषयी मागवलेल्या प्रश्नांत अर्धं पंचांग आणि अर्धी खोकी असा मामला आहे. म्हणून उत्तरांतही दोन्ही आलं आहे.

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घराचा करार 30 सप्टेंबरला संपतो आणि त्याच सुमारास पितृपक्ष आहे. सासूबाई म्हणतात, घटस्थापनेआधी सामान हलवायचं नाही. मालक एक दिवसही वाढवून द्यायला तयार नाहीत. – वाचिका, कोथरूड

उत्तर : गृहप्रवेश आणि सामान हलवणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा, निम्मा गुंता तिथेच सुटतो. पितृपक्षात टाळतात ते मंगलकार्य : लग्न, मुंज, वास्तुशांत. सासूबाईंनाही पटेल अशी जुनीच रीत आहे. पितृपक्ष लागण्याआधी चांगला दिवस बघून नव्या घरात कलश ठेवून यायचं. सोबत तांदूळ, मीठ, हळद-कुंकू, भरलेला तांब्या. दिवा लावायचा, दूध उतू घालायचं. प्रवेश झाला. सामान मग सवडीनं येतं. त्यासाठी नव्या मालकांकडून तासाभरापुरती किल्ली मागून घ्या. बहुतेक जण देतात. दिवा मात्र विझेपर्यंत कुणीतरी थांबा. रिकाम्या, बंद घरात पेटता दिवा सोडून येऊ नका, मग ते नवं घर असो की सोडलेलं.

थांबून राहण्याची किंमतही सासूबाईंना सांगा. भाडेकराराची म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते. पितृपक्षाचा एक फायदा मात्र आहे. टेम्पो आणि हमाल मिळवण्याची खरी मारामार महिन्याच्या शेवटच्या-पहिल्या दोन दिवसांत आणि दसऱ्याला असते. पंधरवड्यातल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी गाडी मिळते, भावही करता येतो.

प्रश्न : नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. गुरुजी आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायला सांगतात. लादी फोडायची का? आणि एकविसाव्या मजल्यावर होम केला तर चालेल? – वाचक, ठाणे

उत्तर : आधी त्या कोपऱ्यात काय येतं ते बघा. न्हाणीघर, संडास किंवा ड्राय बाल्कनी येत असेल तर तिथे छिन्नी लावूच नका. तिथल्या लादीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. तो एकदा फुटला की खालच्या घराच्या छताला ओल येते आणि मग शांत करायला शेजारी उरतात. स्वयंपाकघर येत असेल तर नळाचे पाइप जमिनीतून गेले आहेत की भिंतीतून, हे बिल्डरच्या प्लंबरला विचारा.

खोली किंवा हॉल असेल तर काम सोपं आहे. लादी आणि स्लॅब यांच्यामध्ये साधारण दोन-तीन इंच भराव असतो. प्रतिमा लहान असते, तिला चार बाय चार इंचांचा आणि दीड इंच खोल खड्डा पुरे. भरावाच्या खाली, स्लॅबला हात लावायचा नाही; आत सळ्या आहेत, वायरींचे पाइपही असू शकतात. हातोडीनं ठोकलं तर शेजारच्या लाद्या सुटतात आणि पुढे वर्षभर पायाखाली पोकळ वाजतात. गवंड्याला ग्राइंडरनं कापायला सांगा. त्याच छापाच्या दोन-तीन जादा लाद्या बिल्डरकडून आजच मागून ठेवा, पुढच्या वर्षी तो रंग बाजारात मिळेलच असं नाही. प्रतिमेबरोबर धान्य-फुलं जातात, ती कोरडी आणि चिमूटभरच असावीत, नाहीतर फटीतून मुंग्यांची रांग लागते. फोडायचं नसेल तर तसं गुरुजींना आधीच सांगा. भिंतीतला कोनाडा किंवा त्या कोपऱ्यातली मातीची कुंडी चालवून घेणारे गुरुजी आहेत. पूजेच्या दिवशी, यजमान सोवळं नेसून बसल्यावर, ही चर्चा नको.

आता होम. उंच इमारतींत छताला स्प्रिंकलर असतात. त्यातली लाल काचेची कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुरू झालं की मुख्य व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत थांबत नाही. कुंड स्प्रिंकलरच्या बरोबर खाली ठेवू नका, खिडकीजवळ घ्या. धुराचा डिटेक्टर असेल तर सोसायटीच्या कार्यालयाला आदल्या दिवशी लेखी कळवा, म्हणजे तेवढ्या वेळापुरता तुमच्या घराचा अलार्म ते बघून घेतील. स्वतः त्यावर पिशवी बांधू नका. ती काढायची राहते. कुंडाखाली विटांचे दोन थर आणि वर इंचभर वाळू हवीच. व्हिट्रिफाइड लादीला एकाच जागी आच लागली की ती तडकते, आणि तो आवाज ऐकला की सगळ्यांना अपशकुन आठवतो. नारळ उंबऱ्याच्या संगमरवरावर फोडू नका, कडेचा टवका उडतो. पाटा किंवा वीट घ्या.

प्रश्न : दूध उतू घालायचं तर किती? शेगडी नवी, काचेची आहे. – वाचिका, नाशिक

उत्तर : अर्धा कप दूध आणि त्याहून जेमतेम मोठं भांडं. उतू जाणं महत्त्वाचं, लिटरभर दूध नव्हे. लहान पातेली काठोकाठ भरा, मंद आचेवर ठेवा, एका बाजूला ओघळ आला की लगेच बंद. बर्नरच्या भोकांत दूध गेलं तर ते जळून बसतं, ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. बर्नर निवला की उचलून कोमट पाण्यात घाला, भोकं दातकोरण्यानं मोकळी करा, पूर्ण कोरडा करून बसवा. गरम काचेवर ओला फडका टाकू नका, काच तडकते. पाइपचा गॅस अजून आला नसेल तर इंडक्शनवरही दूध उतू जातं, देव त्याला हरकत घेत नाहीत.

प्रश्न : जुनी केरसुणी नव्या घरी न्यावी की नाही? घरात दोन मतं आहेत. – वाचक, सोलापूर

उत्तर : नवी घ्यावी, असंच बहुतेक घरांत सांगतात, आणि सामान बांधणाऱ्याच्या नजरेनं तेच सोयीचं आहे. सगळं सामान गेल्यावर रिकामं घर झाडायला शेवटपर्यंत एक झाडू लागतोच, ती जुनी केरसुणी. कपाटामागचा वर्षांचा केर निघाला की ती कामातून गेलेलीच असते. नवी केरसुणी कलशाच्या पिशवीबरोबर हातात न्या, टेम्पोत टाकू नका. टेम्पोत शेवटी चढलेलं आधी उतरतं. म्हणून गाद्या, बादली-मग, पाण्याचं पिंप आणि चहाच्या सामानाचं खोकं सगळ्यात शेवटी चढवा. गाडीचं म्हणाल तर छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. डबल बेड, कपाट आणि फ्रिज असेल तर दोन फेऱ्या धरा, किंवा दहा फुटी गाडी एकदाच सांगा.

प्रश्न : देव कसे न्यायचे? चांदीचे टाक आहेत, पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख. – वाचिका, सातारा

उत्तर : सकाळची पूजा करून, ताम्हनात तांदळावर बसवून, स्वतःच्या मांडीवर न्यायची रीत आहे आणि याहून चांगलं पॅकिंग नाही. तांदूळ मूर्तीला धरून ठेवतात. प्रवास तासाभराहून मोठा असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाला तांदळाचा थर, प्रत्येक मूर्ती कोरड्या सुती कापडात वेगळी. दोन चुका नेहमी होतात. अभिषेकानंतर ओल तशीच राहते आणि पितळेवर हिरवे डाग येतात. म्हणून पुसून अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. दुसरी म्हणजे टाकांना रबरबँड. रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उठतो. दोरा बांधा. शंखाचं टोक नाजूक, त्याला कापसाची टोपी. देव्हाऱ्याचा कळस आणि घंटा काढून घ्या, खिळे-स्क्रू एका पुडीत बांधून ती पुडी देव्हाऱ्याच्या खणातच चिकटवा.

तुळशीला दोन दिवस आधी पाणी द्या, निघायच्या दिवशी नको. ओली माती जड होते आणि कुंडीतून सांडते. बंद टेम्पोत उन्हाच्या वेळी तुळस करपते, म्हणून तीही आपल्याबरोबरच न्या.

प्रश्न : लोणच्याच्या बरण्या, काचसामान आणि डबे यांनी दरवेळी घोळ होतो. – वाचिका, डोंबिवली

उत्तर : लोणच्याची बरणी हलवू नये असं जुन्या बायका सांगतात, कारण तेलाचा थर मोडला की वरच्या फोडी उघड्या पडतात आणि बुरशी धरते. न्यायचीच असेल तर चिनीमातीची बरणी रिकामी करून न्या. लोणचं फिरवून बसणाऱ्या झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत भरा, वर दोन बोटं जागा सोडा, तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्यावर झाकण, वरून दादरा बांधा आणि बरणी बादलीत उभी ठेवा. पोहोचल्यावर फोडी तेलाखाली दाबा. कमी पडलं तर गरम करून पूर्ण गार केलेलं तेल घाला. मीठ स्टीलच्या डब्यात बंद करून नेऊ नका, दमटपणात स्टीलला बारीक खड्डे पडतात. बाकी डब्यांतलं धान्य पिशव्यांत काढा. दहा किलो तांदळानं भरलेला डबा आडवा पडला की झाकण उडतं आणि पुढचा आठवडा टेम्पोवाला तांदूळ झाडतो.

बशा आणि ताटल्या खोक्यात उभ्या लावा. आडवी चळत केली की प्रत्येक हिसक्याला सगळं वजन खालच्या ताटलीच्या मध्यावर येतं. कडेवर उभी असली की ती तग धरते. प्रत्येकीला कागद, तळाला चार बोटं चुरगळलेल्या कागदाची गादी, वरही तेवढीच. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते, तेव्हा आतला कागद कोरा घ्या. बंद केलेलं खोकं हलवून बघा. खुळखुळ ऐकू आली तर अजून कागद कोंबा.

खोकी पाच पदरी घ्या. किराणा दुकानातून फुकट आणलेल्या खोक्यांच्या पन्हाळीत झुरळांची अंडी असतात, ती नव्या घरात फुटतात. तळाच्या मधल्या फटीवर दोन इंची टेपचे दोन पट्टे आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक. पुस्तकांना लहानच खोकं, बारा-पंधरा किलोंच्या वर नाही. मोठंच खोकं असेल तर तळाला थोडी पुस्तकं आणि वर उशा, असं चालतं. आरसा गाडीत आडवा ठेवू नका. मास्किंग टेपची फुली मारा, गाद्यांच्या मध्ये उभा सरकवा. फुलीनं आरसा फुटायचा थांबत नाही, पण फुटला तर तुकडे हातात घुसत नाहीत.

प्रश्न : फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांची काय काळजी घ्यायची? – वाचक, नागपूर

उत्तर : फ्रिज एक दिवस आधी बंद करा, बर्फ वितळू द्या, मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो तो रिकामा करा, विसरलात तर ते पाणी गादीवर. दार दोरीनं किंवा कापडी पट्टीनं बांधा, चॉकलेटी टेपचा गोंद रंग घेऊन निघतो. फ्रिज उभाच न्या. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर जायची भीती. उभा नेला असेल तर दोन-तीन तास थांबा, आडवा नेला असेल तर चोवीस तास. पहिल्या दिवशी दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये, ओळखही होते.

फ्रंटलोड मशीनबरोबर तीन-चार लांब ट्रान्झिट बोल्ट येतात. ते मागून घट्ट बसवल्याशिवाय हलवलं तर आतला ड्रम हिंदकळून शॉकॲब्सॉर्बर जातात. हरवले असतील तर तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस सेंटरकडून मागवा. नव्या घरी चालू करण्याआधी ते काढा. बोल्टसकट चालू केलेलं मशीन न्हाणीघरात चालत सुटतं. खालच्या फिल्टरमधलं पाणीही काढून टाका.

एसी काढताना मेकॅनिकवर नजर ठेवा. कूलिंग चालू असताना आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद, एक-दोन मिनिटांनी जाड पाइपचा, आणि लगेच एसी बंद. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये अडकून राहतो. थेट नट सोडला की गॅस हवेत आणि भरायचा खर्च तुमच्या माथी. आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, त्या वेळी जवळ उदबत्तीही नको. पाइपांची तोंडं टेपनं बंद करा. पुन्हा बसवताना व्हॅक्यूम पंप पंधरा-वीस मिनिटं लावायलाच हवा. आत ओल राहिली तर थंडावा कमी आणि पुढे बिघाड.

प्रश्न : गॅस सिलिंडर टेम्पोत न्यावा का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या गावी जात असाल तर नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती आणि अनामत घ्या. अनामत तुम्ही तेव्हा भरली होती तेवढीच मिळते, नव्या गावी आजच्या दरानं भरावी लागते. त्याच शहरात जात असाल तर जोडणी नव्या वितरकाकडे वर्ग होते, सिलिंडर आपल्याकडेच राहतो. तो न्यायचा तर टोपण लावून, उभा, उघड्या गाडीत.

प्रश्न : घेतलेल्या घराच्या दारावर आधीच्या लोकांनी काळी बाहुली आणि सुकलेलं लिंबू-मिरची टांगून ठेवलं आहे. हात लावायला भीती वाटते. – वाचिका, लातूर

उत्तर : त्यांनी ते त्यांच्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगलं होतं, तुमच्यावर काही सोडलेलं नाही. पक्कडीनं तार कापा. लिंबू-मिरची ओल्या कचऱ्यात, बाहुली आणि तार सुक्या कचऱ्यात. ‘करणी आहे, काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागायला आलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. खिळ्याचं भोक पुट्टीनं भरा, वाळली की पॉलिश पेपर फिरवा. तोरणाचा खिळा तिथेच मारायचा असेल तर तसंच राहू द्या.