साठ दिवस नक्की कुठून मोजायचे?

प्रश्न : ताई, मी डॅलसजवळ प्लेनोला राहतो, एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर सात वर्षं झाली. १० मार्चला सकाळी टीम्सवर मॅनेजर आणि एचआरचा कॉल आला, दहा मिनिटात विषय संपला, कॉल ठेवेपर्यंत लॅपटॉप लॉक. तोच शेवटचा दिवस. दोन महिन्यांचा पगार सेव्हरन्स म्हणून एकदम देणारेत. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, अप्रूव्ह होऊन दोन वर्षं झालीत, बायको एच फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी दुसरीत. एक मित्र म्हणतो नोकरी गेल्यावर अमेरिकेत थांबायला जे ६० दिवस मिळतात ते सेव्हरन्स संपला की मग मोजायचे. दुसरा म्हणतो सरळ बी टू, म्हणजे टूरिस्ट व्हिसाचा अर्ज टाक. मला तर वाटतंय गाशा गुंडाळून सांगलीला यावं, नवीन कंपनी मिळाली की परत जाऊ. आईबाबांना अजून सांगितलं नाहीये. काय करू?

उत्तर : पहिल्या मित्राचं अजिबात ऐकू नका. हा गैरसमज इतका पसरलाय की मला दर महिन्याला दोन-तीन पत्रं यावरच येतात. ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो नोकरीचा शेवटचा दिवस धरतात, सेव्हरन्स कितीही मिळो त्याने तारीख पुढे जात नाही. म्हणजे ११ मार्च हा तुमचा पहिला दिवस आणि ९ मे हा साठावा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आत्ता लाल पेनने गोल करा. आणि हो, आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद, त्याआधी संपत असेल तर साठ विसरा, ती आधीची तारीख खरी. ते ऑनलाइन काढून बघाच, कारण पासपोर्ट लवकर संपणार असेल तर एअरपोर्टवरचा ऑफिसर कधीकधी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आय-९४ देतो आणि आपण मात्र अप्रूव्हल नोटिसवरची लांबची तारीख बघून निवांत बसतो.

आता दुसरी गोष्ट, जी लोकांच्या लक्षात फार उशिरा येते. ६० दिवस हे नोकरी शोधायला नाहीत, नवीन कंपनीचा अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचायला आहेत. ऑफर लेटर हातात आलं म्हणजे झालं असं नाही, आधी लेबर डिपार्टमेंटकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा कंपनीचा अर्ज, सर्टिफाय व्हावा लागतो, त्यात कामाचे सात दिवस जातात, कंपनी पहिल्यांदाच स्पॉन्सर करत असेल तर तिचा टॅक्स नंबर तपासण्यात आणखी थोडे, मग वकील कागद मागणार, तुम्ही पेस्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या शोधणार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऑफर आली तर तारांबळ उडते. म्हणून मनात हिशोब चाळीस-पंचेचाळीस दिवसांचाच ठेवा. अर्ज वेळेत पोचला की अप्रूव्हलची वाट न बघता नवीन काम सुरू करता येतं, एच वन बी च्या लॉटरीतून परत जावं लागत नाही. पेस्टब, वर्षाच्या पगाराचे आणि टॅक्सचे डब्ल्यू टू फॉर्म, जुन्या अप्रूव्हल नोटिसा, पोर्टल बंद व्हायच्या आत आजच उतरवून घ्या.

तुमचं आय-१४० अप्रूव्ह होऊन १८० दिवस कधीच उलटलेत, ही मोठी जमेची बाजू. जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, तुमचीच राहते आणि एच वन बी च्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढचं एक्स्टेन्शन नवीन कंपनीला त्यावर मागता येतं. ग्रीन कार्डची प्रोसेस मात्र नव्या कंपनीत पहिल्यापासून, रांगेतला नंबर तेवढा जुना. आय-१४० वर एक वर्षाचं वेगळं वर्क परमिट असतं असंही कोणीतरी सांगेल. असतं, पण गंभीर आजारपणासारखी खरोखर अडचणीची परिस्थिती दाखवावी लागते, नुसती नोकरी गेली एवढं कारण सहसा पुरत नाही, आणि त्यावर काम केलंत की एच वन बी स्टेटस राहत नाही.

बी टू वाईट नाही, पण तो पूल आहे, घर नाही. ९ मेच्या आत स्टेटस बदलायचा आय-५३९ अर्ज भरला, बायको-मुलीला त्यातच घेतलं, तर निकाल येईपर्यंत थांबता येतं, इंटरव्ह्यू देता येतात. काम करता येत नाही, एक तासाचंही नाही. त्यानंतर नोकरी मिळाली तर अर्ज पोचला म्हणून कामाला लागता येत नाही, एच वन बी अप्रूव्ह होऊन लागू व्हावा लागतो. म्हणून एप्रिल मध्यापर्यंत काही हलत नसेल तर बी टू ची तयारी ठेवा, आज नको.

आणि सांगली. पूर्वी मीच सांगायचे की जा घरी, चार महिने आईच्या हातचं खा, नवीन कंपनी बोलावेल तेव्हा ये. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून चित्र बदललंय. देशाबाहेर असलेल्या आणि पासपोर्टवर चालू एच वन बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवीन अर्ज करायचा तर कंपनीला १ लाख डॉलर भरायचा आदेश निघाला. कोणती कंपनी भरणार? अमेरिकेत राहून स्टेटस न मोडता कंपनी बदलणाऱ्याला ते लागत नाही. आदेश मुळात १२ महिन्यांचा होता, तेव्हा आज काय स्थिती आहे हे तिकीट काढायच्या आधी वकिलाला विचारा. स्वतःच्या वकिलाला बरं का, कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तरीही परतायचंच ठरलं तर कंपनीने काढलंय म्हणून तुमच्या परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च त्यांनी द्यायचा असतो, मागून घ्या, घरच्यांचं तिकीट मात्र तुमच्याच खिशातून.

२००९ मध्ये आमच्या ह्यांची नोकरी गेली तेव्हा हे साठ दिवस नव्हतेच, ते जानेवारी २०१७ ला आले. शुक्रवारी संध्याकाळी हे कुंडी आणि चार्जर असलेला खोका घेऊन दारात उभे, आणि मी गॅसवर पोहे ठेवून वकिलाला फोन लावत होते, पोहे पार करपले. सासूबाईंना आम्ही तीन आठवडे सांगितलं नाही. कळलं तेव्हा म्हणाल्या, मला आवाजावरूनच कळलं होतं. तुमच्या आईबाबांनाही कळलं असेल, आज फोन करा.

प्रश्न : आम्ही दोघंही एच वन बी वर, माझी नोकरी गेली. नवऱ्याच्या एच फोर वर जाऊ का? आणि तोपर्यंत पुण्यातल्या मैत्रिणीच्या कंपनीचं काम इथून ऑनलाइन केलं तर चालेल का, पैसे भारतातल्या खात्यात घेईन.

उत्तर : एच फोर वर जा, तुमच्यासाठी सगळ्यात सोपं तेच, फक्त अर्ज साठ दिवसांच्या आत. नवऱ्याचं आय-१४० अप्रूव्ह असेल तर सोबत ईएडीचा, म्हणजे वर्क परमिटचा अर्जही करता येतो. तुमची एच वन बी ची उरलेली वर्षं वाया जात नाहीत, पुढे कोणी स्पॉन्सर केलं तर लॉटरीशिवाय परत येता. पुण्याचं काम मात्र नको. पैसे कुठल्या बँकेत पडले हा मुद्दा नाही, लॅपटॉप अमेरिकेतल्या डायनिंग टेबलवर आहे ना? मग ते अमेरिकेत केलेलं कामच धरलं जाऊ शकतं. मैत्रिणीला सांगा ईएडी येईपर्यंत थांब.