आम्ही श्राद्ध घालत नाही, मग आजीची आठवण कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की आजी जाऊन महिना झाला, घर बौद्ध आहे, तेरावं घातलं नाही. आणि आता पितृपक्षात काहीतरी करा असं शेजारी म्हणाले की आपण तिच्यासाठी काहीच केलं नाही असं मनाला लागतं. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नव्हतं, म्हणून लिहितेय. माझी आजी २०२२ मध्ये गेली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं राहायचो आणि त्या सातही जणांवर तिचं लक्ष असायचं.

आधी मनाला लागतंय त्याबद्दल. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी. तुमच्या आजीच्या पिढीने ती तोंडपाठ म्हटलीय आणि त्यापायी नातेवाइकांची बोलणीही खाल्लीत. तुम्ही तिचा शब्द राखलात. तिच्यासाठी केलेली ही पहिली गोष्ट, ती तुमच्या हातून आधीच झालीय.

माझ्या आजीला बौद्ध धम्माची दीक्षा कशी मिळाली ते ती दर डिसेंबरात सांगायची. १९५६ मध्ये ती बारा वर्षांची होती. ७ डिसेंबरला तिच्या वडिलांनी तिला हाताला धरून दादरला नेलं. बाबासाहेबांच्या घरापासून, राजगृहापासून चौपाटीपर्यंत माणसांचा नुसता समुद्र, त्यात तिची एक चप्पल गेली ती गेलीच. तिथे बाबासाहेबांच्या अंत्यविधीलाच बौद्ध भिक्खू भदन्त आनंद कौसल्यायनांनी लोकांना दीक्षा दिली. आजी म्हणायची, “काय बोलतायत ते कळत नव्हतं. बा रडत रडत बोलत होता, म्हणून मी पण बोलले.” त्रिशरण-पंचशील, म्हणजे आमची रोजची वंदना, तिच्या तोंडात बसलं ते असं, वडिलांच्या रडण्यासकट. तिच्या आवाजात वंदना ऐकताना मला नेहमी त्या चौपाटीवरच्या मुलीची आठवण यायची.

ती गेल्यावर आमच्याकडे जलदान विधी, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पाणी सोडणं, आणि पुण्यानुमोदन, म्हणजे केलेलं पुण्य त्याच्या नावे करणं, हे दोन्ही झालं. खोलीतला पलंग बाहेर कॉरिडॉरमध्ये काढला, पांढरं कापड अंथरलं, बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, बाजूला आजीचा. बौद्धाचार्य, म्हणजे आमच्यात विधी करणारे, पाली गाथा म्हणत होते, आणि बाबा, काका, आत्या तिघांनी एकाच तांब्याला हात लावून वाटीत पाणी सोडलं, वाटी भरून ताटात ओघळेपर्यंत. माझ्या चुलत भावाने तिथेच विचारलं, “आपण आत्मा मानत नाही ना, मग हे पाणी कुणाला?” मोठी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. बौद्धाचार्यांनी मात्र त्याला जवळ बसवून सांगितलं. ही गाथा तिरोकुड्ड सुत्त या पाली सुत्तातली. बुद्धांनी ते बिंबिसार राजाला सांगितलं असं परंपरा मानते. उंचावर पडलेला पाऊस सखल जागेकडे वाहत जातो, तसं इथे दिलेलं दान गेलेल्यांच्या कामी येतं असं त्यात आहे. आणि हेही आहे की रडण्याचा, शोक करण्याचा गेलेल्यांना उपयोग नाही. पाणी ही खूण. खरं दान तिच्या नावाने हातून काय सुटतं ते, असं ते म्हणाले.

हे ऐकूनही आम्ही रडलो. रडावं, माझं तरी हेच मत आहे. पण “हातून काय सुटतं” हे शब्द घरात राहिले.

आमच्या बाबतीत उत्तर शोधावं लागलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजोबांची गिरणी त्यानंतर त्यांच्यासाठी कधी उघडलीच नाही. आजी एका खानावळीत पोळ्या लाटायला जायला लागली, दिवसाला दोनशेच्या वर. त्या हातांनी ती ५ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या रात्री, घरी पुन्हा परातभर कणीक मळायची. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, कागदाच्या पुड्या. पहाटे ती आणि आत्या पिशव्या घेऊन शिवाजी पार्कला. विदर्भ-मराठवाड्यातून गाड्यांना लोंबकळत आलेली माणसं तिथे मैदानात उघड्यावर झोपलेली असतात, चैत्यभूमीची रांग कधी कधी तासन् तास सरकत नाही. कडेवर लेकरू असलेल्या बाईच्या हातात ती आधी पुडी द्यायची. “खा बाय, रांग कुठे पळत नाय.”

ती गेली त्या वर्षी ५ डिसेंबरला आम्ही सगळे तिच्या पोळपाटाभोवती बसलो. मधोमध झिजून खोलगट झालेला तो पोळपाट. आत्याने लाटायला घेतलं आणि तो टक टक हलायला लागला. एक पाय आखूड होता, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. लाटणं थांबलं. बाबा उठले, चहाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडला, चार घड्या घातल्या आणि त्या पायाखाली सरकवला. “आई असं ठेवायची,” म्हणाले. स्मशानात न रडलेला माणूस तिथे कणकेच्या परातीशेजारी बसून रडला. रात्री तीनपर्यंत जेमतेम साठ पोळ्या झाल्या, त्यातल्या निम्म्या चिरलेल्या. पण साठही गेल्या.

शेजाऱ्यांशी वाकडं घेऊ नका. आमच्या समोरच्या काकू पितृपक्षात त्यांच्या सासऱ्यांसाठी कावळ्याला पान ठेवतात. आजी आणि त्या चाळीस वर्षं समोरासमोर राहिल्या. जलदानाच्या दिवशी सगळ्या माणसांचा चहा काकूंनीच केला. तुमच्या शेजाऱ्यांनाही बोलवा, सोबत बसू द्या. त्यांना बहुतेक एवढंच वाटतंय की तुमच्या आजीचं कुणीतरी काहीतरी करावं.

जलदान राहिलं असेल तर अजूनही करता येईल. आमच्या बौद्धाचार्यांनी ठरावीक दिवसाची सक्ती नाही असंच सांगितलं होतं. तांब्या-वाटी घरातली घ्या, आजीच्या हातातली असेल तर तीच. आणि लहान मुलांनी प्रश्न विचारले तर गप्प करू नका.

तुमची आजी कुणाला काय द्यायची, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. खाली लिहा, मला वाचायचंय. ६ डिसेंबरला दादरला येणार असाल तर पहाटे आम्ही शिवाजी पार्कला असतो, पिशव्या धरायला माणसं कमीच पडतात.