घरखर्च, दुकानाच्या गल्ल्यावरून दिसतो तसा

तुमचा प्रश्न असा आहे की हॉटेल आणि सिनेमा बंद करूनही तिघांच्या घरात महिनाअखेरीला काही उरत नाही, तर रोजच्या खर्चात हात कुठे आखडायचा? शिवाय मिसेस भिशी लावू या म्हणतात, ती लावावी का?

मी साताऱ्यात वीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. एवढी वर्षं गल्ल्यावर बसल्यावर दुसऱ्याच्या पिशवीत काय जातंय ते न बघता येत नाही. ज्यांचा किराणा हाताबाहेर जायचा, ती घरं काही काजू-बदाम खाणारी नव्हती. त्यांच्या फेऱ्या जास्त व्हायच्या, एवढंच. पावशेर साखर न्यायला आलेलं गिऱ्हाईक नुसती साखर घेऊन गेलंय, असं मला फारसं आठवत नाही. बरोबर फरसाण जायचं, बिस्किटाचा पुडा जायचा, पोरगं सोबत असेल तर गोळ्या. गोळ्यांच्या बरण्या पोरांच्या नजरेला येतील एवढ्याच उंचीवर आम्ही ठेवायचो, आता सांगायला हरकत नाही.

एका शाळेतल्या शिपायाच्या बायको आमच्याकडे यायच्या. सात-आठ तारखेला, गर्दी ओसरली की. यादी गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली, आणि तिच्यात दोन रकाने: ‘संपलं’ आणि ‘उरलंय’. ‘मोहरी – अर्धी बरणी. पोहे – दोन वेळचे. साबण – एक वडी.’ उरलेल्या मालाची यादी करणारं दुसरं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. पोराला कधी बरोबर आणलं नाही, आणि एकदा माल नेला की महिनाभर दुकानाची पायरी चढायच्या नाहीत. मध्येच काही संपलं तर काय करता, असं एकदा विचारलं. म्हणाल्या, “मिठावाचून अडतं, बाकी कशावाचून अडत नाही हो.”

तुमच्याकडे पायरीची जागा आता मोबाइलने घेतली असणार. कोथिंबिरीची जुडी मागवायची, घरपोच फुकट व्हावं म्हणून आणखी शंभराचं काहीतरी टाकायचं, हीच ती फेरी. ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. आठवेल ते फ्रिजवरच्या कागदावर लिहीत जा आणि आठवड्यातून एकाच दिवशी मागवा. चार दिवसांनी त्या कागदावरच्या दोन-तीन गोष्टी तुम्हीच खोडाल.

मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हेही दरवेळी खरं नसतं. हल्ली पाकिटावर एमआरपीशेजारी दर ग्रॅमची किंवा मिलीची किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, चष्मा लावून ती वाचा. आमच्या दुकानात शाम्पूच्या बारक्या पुड्या बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडायच्या, आणि लोक बाटली न्यायचे. तेलाची तुलना करताना लिटर आणि किलो यात फसू नका. लिटरभर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. दहा रुपयांच्या पुड्यांचं तर विचारूच नका, किंमत तीच राहते आणि आतला माल कमी होत जातो.

साल भरणं, म्हणजे वर्षाचं धान्य एकदम घेऊन ठेवणं, चांगलंच, पण भाड्याच्या दोन खोल्यांत कोठी कुठे ठेवणार? जागा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू घ्या, ऊन दाखवून भरा. तूरडाळीला एरंडेल चोळलं की ती टिकते. रवा आणि बेसन मात्र पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच. दोन किलो रवा स्वस्तात आणला आणि अर्ध्याला अळी लागली, तर तो रवा दुप्पट भावाचा झाला.

गॅसचं माझ्या घरचं सांगतो. टाकी लावली की कॅलेंडरवर तारीख लिहायची. टाकी नेहमीपेक्षा लवकर संपली की कारण शोधायला लागतो, मग बर्नरची भोकं बुजलेली सापडतात, नाहीतर रबरी नळी बघावी लागते. घेताना वजन करून घ्या: आत 14.2 किलो गॅस, अधिक टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन. घरी पोचवणाऱ्याकडे काटा मागायचा तुम्हाला हक्क आहे, संकोच कसला? डाळ अर्धा तास भिजवा आणि कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदमच लावा, हे तुमच्या आईनेही सांगितलं असेल.

विजेत दिवे बंद करत फिरण्याला फार अर्थ नाही, एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. पंखा बघा. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, म्हणजे चौदा तासांत एक युनिट. नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॅटवर चालतो. रोज चौदा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 18-19 युनिट वाचतात. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या पुढे चढतो, तोही फक्त वरच्या युनिटांना, त्यामुळे वाचलेली युनिटं महागातलीच असतात. पंखा तुमचा, घर सोडताना काढून न्या. घरमालकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे झालं.

नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, विचारा. माझी रक्तदाबाची गोळी मी तिथूनच घेतो. मुलाच्या दुधात मात्र हात आखडू नका, त्यातून असं किती सुटणार?

आता भिशी. पैसे बाजूला पडावेत म्हणून लावायला हरकत नाही, व्याजाच्या आशेने लावू नका. माणसं रोज तोंड बघणारी हवीत आणि रक्कम अशी हवी की बुडाली तरी घरभाडं थांबणार नाही. आमच्या आळीत वीस जणांची भिशी होती. चौथ्या महिन्यात उचल घेतलेल्या एकाने पाचव्या महिन्यापासून हप्ताच दिला नाही. उरलेल्या सोळा महिन्यांचा हप्ता बाकीच्या एकोणीस जणांनी वाटून भरला. त्यातला एक मी.