'क्रिक? क्राक!' आणि आपली कापूसकोंड्याची गोष्ट

प्रश्न असा आला आहे: "एडविज दांतिका या हैतीत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या लेखिकेच्या १९९५ सालच्या इंग्रजी कथासंग्रहाचं नाव 'क्रिक? क्राक!' असं आहे. मराठी करताना मी नावावरच अडलेय. 'ऐकताय ना?' – 'ऐकतोय!' असं केलं तर चालेल का?"

माझ्या मते नाही चालणार. 'ऐकताय ना?' हे वर्गात मास्तर विचारतात. पोरं पेंगायला लागली की विचारतात, आणि पोरांनी काहीही उत्तर दिलं तरी तास पुढे चालूच राहतो. क्रिकचं तसं नाही. हैतीच्या खेड्यात रात्री माणसं जमली की ज्याला गोष्ट सांगायची असेल तो ओरडतो, "क्रिक?" ऐकणाऱ्यांना त्याच्याकडून गोष्ट हवी असेल तर ते म्हणतात, "क्राक!" क्राक आलं नाही तर त्याने गप्प बसायचं आणि दुसऱ्याला संधी द्यायची. म्हणजे लक्ष आहे की नाही हे तो तपासत नाही, परवानगी मागतो.

आता शब्दांचा अर्थ. अर्थ असा काही नाही, आवाज आहे. काहीतरी करकरतं आणि कडकन मोडतं, तसा. ही जोडी आफ्रिकेतून आली असं बरेचदा लिहिलेलं दिसतं, पण फ्रेंच खलाशीसुद्धा जहाजावर गोष्टी सांगताना 'क्रिक!' – 'क्राक!' करत. मार्टिनिक, ग्वादलूप, डॉमिनिका, सेंट लुशिया अशा फ्रेंचांचा वावर झालेल्या कॅरिबियन बेटांवरही ती सापडते. शब्द खलाश्यांचे, पण एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी ओ द्यायची ही सवय आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचीही, असं म्हणणं जास्त बरोबर. गोष्टीतली पात्रं मात्र काही वेळा सरळ आफ्रिकेची वाट दाखवतात. हैतीच्या गोष्टींत खादाड, बावळट बुकी असतो आणि त्याला दर वेळी गंडवणारा 'ती मालिस' नावाचा लबाड असतो. सेनेगलच्या वोलोफ भाषेत 'बुकी' म्हणजे तरस. हैतीत तरस नाही, नाव तेवढं समुद्र ओलांडून आलं.

मराठीत पहिला शब्द आठवतो तो 'हुंकार'. आजी गोष्ट सांगताना "हुंकार दे बरं" म्हणायची, आणि हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजायची. पण हुंकार गोष्टीच्या मध्ये येतो, क्राक गोष्टीच्या दारात. शिवाय राजकीय पक्षांनी 'हुंकार सभा' घेऊन घेऊन त्या शब्दाची डरकाळी करून टाकली आहे. शाहिरामागे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात तेही जवळचं, पण तिथे उत्तर देणारे ठरलेले असतात. क्राक म्हणायला कुणीही चालतो.

खरी जुळणी मला कापूसकोंड्यात दिसते. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" हा छळ मजेदार वाटतो, कारण 'सांगू?' – 'सांग!' हा करार आपल्याही अंगात मुरलेला आहे आणि इथे सांगणारा तो मुद्दाम मोडतो. क्रिक म्हणायचं, क्राक घ्यायचं आणि पुन्हा क्रिकच म्हणायचं!

क्रियापदांचीही गंमत आहे. हैतीच्या लोकभाषेत, म्हणजे क्रेओलमध्ये, गोष्ट सांगण्याला 'तिरे कोंत' म्हणतात. तिरे म्हणजे ओढणे, काढणे. कोड्यांनाही तेच क्रियापद. कोडं काढणारा म्हणतो, "तिम तिम?" आणि बाकीचे म्हणतात, "ब्वा शेश!", म्हणजे वाळकं लाकूड. ते कोडं काढतात, आपण घालतो. 'लोद्यांस' हा गमतीदार किश्श्यांचा प्रकार मात्र ते 'देतात', आणि आपण गप्पा मारतो.

परदेशी गेलेल्या हैतीकरांमध्ये क्रिक-क्राकची जोडी का टिकली, याबद्दल माझा एक अंदाज आहे. ब्रुकलिन, मायामी किंवा मॉन्ट्रियलमध्ये वाढलेल्या मुलाची क्रेओल मोडकीतोडकी असली तरी क्राक म्हणायला व्याकरण लागत नाही. गोष्टीमध्ये येणाऱ्या गाण्याचंही तसंच. ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, म्हणून गोष्ट विसरली तरी चाल राहते. रारा हे वाद्यमिरवणुकीचं संगीत पाहा. हैतीत ते ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतलं, पण ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये ते उन्हाळ्यातल्या रविवारी वाजू लागलं. त्यातली 'वाक्सिन' ही बांबूची फुंकवाद्यं. बांबू नसेल तर प्लास्टिकचा पाइपही चालतो. प्रत्येक वाक्सिनचा सूर एकच. एकट्याने कितीही फुंकलं तरी चाल होत नाही, शेजारच्याने आपला सूर वेळेवर टाकावा लागतो.

जाता जाता आणखी एका शब्दाबद्दल, कारण भाषांतरात तोही अडेल. हैतीत 'द्यास्पोरा' (इंग्रजीतलं डायस्पोरा, परदेशी जाऊन राहिलेला समाज) हा शब्द समूहापुरता नाही, एकेका माणसालाही लावतात: 'तो द्यास्पोरा आहे.' कधी कौतुकाने, कधी 'आला मोठा परदेशातला' अशा सुरात. त्याला 'अनिवासी' करू नका, त्याला बँकेच्या फॉर्मचा वास येतो. परदेशासाठी ते 'लॉत बॉ द्लो' म्हणतात, पाण्याच्या पलीकडे. 'पैलतीर' मोहात पाडेल, पण मराठीत पैलतीरी गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. 'पाण्यापल्याड' पुरे.

तर शीर्षक 'क्रिक? क्राक!' असंच ठेवा. कथेत ते पहिल्यांदा येईल तिथे शेजारच्या वाक्यात 'सांगू?' – 'सांग!' कुणाच्या तरी तोंडी घाला, तळटीप नको. आणि गोष्ट संपताना आपल्या 'साठा उत्तरांची कहाणी' सवयीने आत घुसू देऊ नका. हैतीचा गोष्टवाला शेवटी म्हणतो की मी तिथे बघत उभा होतो, त्यांनी मला अशी लाथ घातली की थेट इथे तुमच्यापुढे येऊन पडलो.