महूच्या छावणीतला कॅप्टन ओट्स, आणि त्याचं घर

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण चार पिढ्या इंदुरात गेल्या. माझे पणजोबा महूच्या छावणीत मोतद्दार होते. ओट्स नावाच्या एका तरण्या साहेबाचे घोडे त्यांच्याकडे असत, आणि तो साहेब पुढे बर्फात मेला, असं घरात सांगतात. हा ओट्स कुठल्या घरचा? ‘टायटस ओट्स’ नावाच्या बदनाम माणसाचा तो वंशज, असं एकाने सांगितलं. खरं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. माझं लहानपण महूत गेलं. शाळेला जाता-येता त्या जुन्या तबेल्यांच्या लांबलचक भिंती रोज दिसायच्या. तिथून कोणी दक्षिण ध्रुवावर गेलं असेल, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आधी तो ‘टायटस’ बाजूला करू. सतराव्या शतकात त्या नावाच्या माणसाने कॅथलिकांचा एक खोटा कट उभा केला आणि निरपराध माणसं फासावर गेली. आडनाव सारखं म्हणून सोबत्यांनी आपल्या ओट्सला ‘टायटस’ म्हणायला सुरुवात केली. ते टोपणनाव होतं, एवढंच. आपल्याकडे दोन जोशी भेटले की लगेच भाऊबंद ठरत नाहीत, तसंच हे.

त्याचं खरं नाव लॉरेन्स एडवर्ड ग्रेस ओट्स. जन्म 17 मार्च 1880, लंडनजवळच्या पटनीत. घराणं मात्र यॉर्कशरमधलं, लीड्सकडचं, खाऊन-पिऊन सुखी. आई कॅरोलाइन, तीही लीड्सच्याच बकटन घराण्यातली. पुढे हे कुटुंब एसेक्समधल्या गेस्टिंगथॉर्प गावच्या मोठ्या वाड्यात राहायला गेलं.

या घराला लांब जायची ओढ आधीपासून होती. लॉरेन्सचा काका फ्रँक 1873 मध्ये आफ्रिकेला निघाला, तेव्हा लॉरेन्सचे वडील विल्यमही त्याच्यासोबत होते. विल्यम परतले, फ्रँक पुढे गेला. व्हिक्टोरिया धबधबा ऐन भरात वाहताना पाहिलेल्या पहिल्या काही युरोपियनांपैकी तो एक. तिथून परतीच्या वाटेवर फेब्रुवारी 1875 मध्ये तापाने गेला, वय चौतीस. घरी राहिलेल्या चार्ल्स नावाच्या भावाने त्याची पत्रं आणि टिपणं निगुतीने जुळवून 1881 मध्ये छापून आणली. लॉरेन्स तेव्हा वर्षाचा होता. म्हणजे न परतलेल्या काकाच्या गोष्टी त्याच्या पाळण्यापर्यंत पोचलेल्या होत्या, असं मला वाटतं.

1896 मध्ये वडील मदीरा बेटावर विषमज्वराने वारले. घराची सूत्रं आणि पैसा दोन्ही आईच्या हाती आले. घोडदळातल्या अंमलदाराला नुसत्या पगारावर भागवता येत नसे. स्वतःचे घोडे, पोलो, मेसचा खर्च, सगळ्याला घरचा पैसा लागे. त्यामुळे हा मुलगा तिशीपर्यंत आईला पत्रं लिहून पैसे मागत राहिला. त्या पत्रांत हिशेब आहेत, तक्रारी आहेत, घोडे तर पानोपानी आहेत.

सहाव्या इनिस्किलिंग ड्रॅगून्स या घोडदळाच्या पलटणीत तो 1900 मध्ये दाखल झाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर गेला. 6 मार्च 1901 ला केप वसाहतीतल्या अ‍ॅबर्डीन गावाजवळ त्याची छोटी तुकडी घेरली गेली. शत्रूने दोनदा शरण यायला सांगितलं, त्याने दोन्ही वेळा नकार दिला. गोळीने डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि तो पाय कायमचा आखूड राहिला. पुढे इजिप्त, मग हिंदुस्थान आणि आपलं महू. तिथे त्याने विलायतेहून शिकारी कुत्रे आणवले, घोडे पाळले. दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या कॅप्टन स्कॉट या इंग्रज दर्यावर्द्याच्या मोहिमेसाठी अर्ज गेला तो महूतूनच, वर पदरचे हजार पौंडही दिले. म्हणजे पणजोबांची नोकरी 1910 च्या आगेमागे असेल, तर तुमच्या घरची गोष्ट काळाशी जुळते.

मोहिमेत त्याच्याकडे मांचुरियाची एकोणीस तट्टं सोपवली होती. खरेदी दुसऱ्याची, निस्तरायचं याने. तट्टं म्हातारी, खोडकर, काही लंगडी. डिसेंबर 1910 मधल्या वादळात जहाज हेलकावत होतं तेव्हा रात्रभर त्यांच्यात उभा राहून तो त्यांना तोलून धरत होता. दोन मेली, बाकीची वाचली. फेब्रुवारी 1911 मध्ये बर्फावर अन्नसाठा पुरायला गेले तेव्हा तो म्हणाला, थकलेली तट्टं मारू, पण साठा आणखी दक्षिणेला नेऊ. घोड्यांवर जीव असलेला माणूस हे बोलतोय, यावरूनच ओळखावं की त्याला काय दिसत होतं. स्कॉटचं मन धजेना. साठा ठरल्या जागेच्या तीसएक मैल अलीकडेच राहिला. पुढल्या वर्षी ध्रुवावरून परतताना स्कॉटसह उरलेले तिघे त्या साठ्यापासून अकरा मैलांवर तंबूत मेले.

ओट्स त्यांच्याआधीच गेला होता. हिमदंशाने पाय सडले होते, आपल्यामुळे बाकीचे रखडताहेत हे तो पाहत होता. मार्च 1912 च्या मध्यात, बत्तिसाव्या वाढदिवसाच्या आसपास, एका सकाळी ‘जरा बाहेर जाऊन येतो, वेळ लागेल’ अशा अर्थाचं बोलून तो हिमवादळात निघून गेला. स्कॉटने लिहून ठेवलंय की त्याच्या शेवटच्या विचारांत आई होती.

आणि आता तुम्हाला सांगायलाच हवं असं एक. त्यांना शोधायला जी तुकडी निघाली, तिच्यासोबत हिंदुस्थानातून आणलेली सात खेचरं होती. खेचरं मागवा, हा सल्ला ओट्सचाच. त्यांची नावं ऐका : लाल खान, खानसाहेब, गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला. 12 नोव्हेंबर 1912 ला तंबू सापडला. ओट्सचा देह मिळाला नाही. मिळाली झोपायची पिशवी आणि केसाळ कातड्याचा एक बूट, समोरून खालपर्यंत चिरलेला. सुजलेला पाय आत जावा म्हणून त्याने तो कापला होता. ही चीर वाचली की माझं पुढचं वाचन थांबतं.

आईने मात्र हे मुकाट्याने स्वीकारलं नाही. मोहिमेवरून आलेल्या माणसांना गाठून तिने खोदून खोदून विचारलं, आणि दोष स्कॉटच्या कारभाराचा आहे या मतावर ती आली. पलटणीतल्या सोबत्यांनी गेस्टिंगथॉर्पच्या चर्चमध्ये पितळी फलक लावला, तो दर आठवड्याला ती स्वतः जाऊन पुसून लखलखीत करायची. 1937 मध्ये ती गेली. जाण्याआधी तिने लेकीला, व्हायोलेटला, त्याची रोजनिशी नष्ट करायला सांगितलं. व्हायोलेटने आईचा शब्द पाळला, पण त्याआधी काही उतारे आपल्या हाताने उतरवून घेतले. ध्रुवावरचा ओट्स त्याच्याच शब्दांत आज जेवढा कळतो, त्यात त्या उताऱ्यांचा वाटा मोठा.

माझा मामा सैन्यात होता, तो परतला नाही. आईने त्याची पत्रं एका पहाटे बंबात घातली, मी समोर उभी होते. तिच्यावर मी फार वर्षं रागावले. कॅरोलाइनबद्दल वाचल्यावर तो राग उतरला, पत्रांची हळहळ काही गेली नाही.

फ्रँक आणि लॉरेन्स, काका-पुतण्या दोघांच्या वस्तू हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावी, निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांच्या घरातल्या संग्रहालयात एकत्र ठेवल्या आहेत. तिथे महूच्या मोतद्दारांची बाजू कोणी मांडलेली नाही. ती तुमच्या घरात आहे. तुमच्या आजी असतील तर या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसा. पणजोबा ज्या घोड्याला खरारा करत त्याचं नाव काय, साहेब त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचा, जाताना काही देऊन गेला का, ते विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, आणि एक प्रत मला पाठवा.