आधी त्याला विचार

प्रिय मुली,

परवा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. तुझ्या आठवीच्या वर्गातल्या, वाचता-लिहिताना अडखळणाऱ्या त्या मुलाला चाचणीत जादा वेळ द्यावा का, अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात नसताना दिला तर बाकीच्यांवर अन्याय होईल का, मुख्याध्यापक काय म्हणतील, असं अर्धा तास तू बोललीस. त्यात त्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. त्याला विचारलंस का?

नियमांचं भराभर सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचण, आहे. जादा वेळ, लेखनिक म्हणजे उत्तरं लिहून देणारा माणूस, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम 17 मध्येच लिहिलंय. तासाला 20 मिनिटं धर, दोन तासांच्या पेपरला 40. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. किमान 40 टक्के अपंगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. बोर्डासाठी कागद लागतील, त्यांच्यामागे आत्ताच लाग. घटक चाचणी मात्र तुझ्या हातातली आहे.

पण 40 मिनिटं दिलीस म्हणजे झालं, असं समजू नकोस. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कमी ऐकू यायचं तिला. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि कर्तव्य केलं असं मानलं. वर्षभर फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता शिकवत राहिलो. पुढे ती लग्नाची पत्रिका घेऊन आली तेव्हा म्हणाली, "सर, मी ओठ बघून समजून घ्यायचे. तिथून तुमची पाठच दिसायची." तिला खिडकीकडचा तिसरा बाक हवा होता. तिथून माझ्या तोंडावर उजेड पडलेला दिसायचा.

वर्गात 62 मुलं होती, प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं, फिरते विशेष शिक्षक वगैरे आमच्याकडे कुणी येत नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते अजूनही सांगतो. पण एका मुलीला "तुला कुठून नीट कळतं?" एवढं विचारायला कसलं प्रशिक्षण लागतं?

"त्याला सांगता येणार नाही, सर," असं तू म्हणालीस तेव्हा मला राग आला. तेरा वर्षांचा मुलगा आहे तो. फळ्यावरून उतरवताना त्याची ओळ कुठे सुटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कदाचित त्याला लेखनिक नकोच असेल, प्रश्न कुणी एकदा मोठ्याने वाचून दाखवला तरी पुरत असेल. कदाचित उभं राहून धडा वाचायला लावू नका, एवढंच त्याचं मागणं असेल. विचारल्याशिवाय तुला कळायचं नाही, मलाही कळलं नव्हतं.

सगळ्यांसमोर विचारू नकोस. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला वह्या उचलायला बोलाव आणि जाता जाता विचार. गप्प बसला तर मंगळवारी परत विचार. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठव.

तुझे सर