यीस्टच्या माझ्या स्ट्रेनचा (वाणाचा) डी१/डी२ क्रम, म्हणजे प्रजाती ओळखायला वाचतात त्या डीएनएच्या तुकड्याचा क्रम, जवळच्या ज्ञात प्रजातीपेक्षा ४ बेसनी (डीएनएच्या अक्षरांनी) वेगळा आला. ही नवी प्रजाती मानायची का?

नाही, एवढ्यावर नवी प्रजाती मानू नका; ४ बेस हा नेमका संशयाचा पट्टा आहे. कर्ट्झमन आणि रॉबनेट या संशोधकांनी १९९८ मध्ये सुमारे ५०० यीस्ट प्रजातींचा २६एस आरडीएनएमधला (रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकातला) हा साधारण ६०० बेसचा डी१/डी२ तुकडा ताडून पाहिला. एकाच प्रजातीच्या स्ट्रेनमध्ये सहसा ० ते ३ बेसचा फरक दिसला. ६ किंवा जास्त, म्हणजे सुमारे १ टक्का फरक असला की प्रजाती बहुधा वेगळ्या निघाल्या.

आधी क्रोमॅटोग्राम (क्रम वाचणाऱ्या यंत्राचा मूळ आलेख) उघडा आणि ते चारही बेस डोळ्यांनी तपासा. टोकांकडे वाचन खराब होतं, आणि असे किरकोळ फरक बरेचदा तिथेच गळून पडतात. म्हणून एनएल१ आणि एनएल४ या दोन्ही प्रायमरांनी (वाचन जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) दोन्ही टोकांकडून वाचलेले क्रम जुळवून घ्या. तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या अधिकृत नमुन्याला जोडलेलं असतं त्याच्याशीच करा. ब्लास्टमध्ये (क्रम डेटाबेसशी ताडून पाहणाऱ्या साधनात) सगळ्यात वर आलेल्या नोंदीवरचं नाव चुकीचंही असू शकतं, आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. फरक टिकला तर डीएनएचे हे भागही वाचा:

- आयटीएस (रायबोसोमच्या जनुकांच्या मधला भाग)
- आरपीबी२, टीईएफ१ यांसारखी प्रथिनं घडवणारी जनुकं

या वेगवेगळ्या भागांच्या वंशवृक्षांतही तुमचा स्ट्रेन वेगळा पडला, तरच दावा भक्कम होतो.

मात्र १ टक्क्याचा नियम सगळीकडे लागू होत नाही. क्लाविस्पोरा लुसिटानिए या एकाच प्रजातीत, आपसात संकर होणाऱ्या स्ट्रेनमध्येही डी१/डी२ चा फरक त्याहून कितीतरी जास्त सापडतो.